परहेज आणि पथ्य

शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. एका भाषेतला शब्द दुसरीत नेताना त्याचे काय होते, हे त्यामुळे रोज पाहायला मिळते. 'परहेज' या शब्दाला आपण मराठीत 'पथ्य' म्हणतो आणि पुढे जातो. पण दोन्ही शब्दांचा अर्थ एक नाही. परहेज म्हणजे टाळणे, दूर राहणे. पथ्य म्हणजे शरीराला जे हितकर आहे ते. जे अहितकर ते अपथ्य. म्हणजे पथ्यात काय सोडायचे याच्या आधी काय खायचे हे येते. आपल्या घरांत मात्र कुणी आजारी पडले की पहिली बैठक बसते ती काय बंद करायचे हे ठरवायला. गोश्त बंद, अंडी बंद, दूध बंद, तेल-तूप बंद. उरते ती भाताची पेज. आणि हे सारे प्रेमापोटी होते, म्हणून त्याला विरोध करणे कठीण जाते.

आमच्या अब्बांना आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा या दोन शब्दांतला फरक आम्हाला घरातच शिकावा लागला. वाचक बंधू-भगिनींपैकी कुणाच्या घरी अशी वेळ येऊ नये, ही दुआ आहे. आलीच, तर आम्हाला जे कळले ते हाताशी असावे म्हणून हे लिहीत आहोत.

अब्बा फलटणच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे शिवणकाम करीत होते. वयाच्या ६६व्या वर्षी शौचावाटे रक्त जाऊ लागले. मूळव्याध समजून काही महिने त्यावर औषधे झाली. वजन उतरत गेले, चेहरा फिकट पडला, तेव्हा पुण्याच्या एका रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली आणि तुकडा तपासायला गेला. गाठ गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात होती. आधी पाच आठवडे रेडिएशन आणि त्यासोबत गोळ्या, नंतर काही आठवडे थांबून ऑपरेशन, असे ठरले. चाळिशीनंतर शौचात रक्त दिसले, शौचाची सवय बदलली किंवा कारण नसताना रक्त कमी भरले, तर ती मूळव्याधच आहे असे तपासणीशिवाय कुणी ठरवू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

रेडिएशनच्या काळात अब्बांची भूक गेली. तोंडाला चव नाही, दिवसातून सात-आठ वेळा जुलाब. त्यातच भेटायला येणाऱ्यांचे सल्ले. आमच्या फुफू, म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहीण, साताऱ्याहून येऊन राहिल्या होत्या. गोश्त आणि अंडी गरम पडतात, गाठीला खाद्य मिळते, असे त्यांचे ठाम मत. शेजारच्या एका गृहस्थांनी साखर आणि दूध दोन्ही बंद करा म्हणून सांगितले. अब्बांना नाहीतरी खायची इच्छा नव्हती. नाही म्हणायला त्यांना चांगले कारण मिळाले.

ऑपरेशनची तारीख जवळ आली. तपासणीच्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी आधी वजन घेतले. ५३ किलो भरले. सहा महिन्यांपूर्वीचे किती, असे त्यांनी विचारले. आम्ही शिक्षक, नोंद ठेवायची सवय. वहीत ६२ होते. बाईंनी आमच्यासमोर गणित केले. ६२ वजा ५३ म्हणजे ९. नऊ भागिले बासष्ट, गुणिले शंभर. साडेचौदा टक्के. सर्जननी तो आकडा पाहिला आणि ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकलले.

घरात यावरून मोठी खळबळ झाली. पोटात कॅन्सरची गाठ आहे आणि डॉक्टर म्हणतात दोन आठवडे खाऊ घाला! फुफूंनी तर दुसऱ्या दवाखान्यात न्यायचा आग्रह धरला. आम्ही पुन्हा सर्जनना भेटलो. त्यांनी शांतपणे समजावले. ही गाठ काही वर्षांपासून वाढत आली आहे, दोन आठवड्यांत तिच्यात फारसा फरक पडणार नाही. पण या दोन आठवड्यांत माणसाच्या ताकदीत फरक पडू शकतो. आतड्याचा रोगट भाग काढला की उरलेली दोन टोके जोडावी लागतात. तो जोड शरीराने स्वतः भरून आणायचा असतो आणि त्यासाठी लागणारी प्रथिने शरीराजवळ नसतील तर तो उसवू शकतो. अब्बा हे ऐकत होते. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे. दोरा कितीही चांगला घ्या, कापड विरलेलं असलं की टाका धरत नाही."

त्या दिवसानंतर अब्बांना या विषयावर दुसरे काही समजावावे लागले नाही. आम्हाला मात्र आणखी जाणून घ्यायचे होते.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे सर्जन हिरम स्टडली यांनी १९३६ साली पोटातील अल्सरच्या ऑपरेशनचे रुग्ण तपासले. ऑपरेशनपूर्वी ज्यांचे वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त घटले होते, त्यांच्यातील तिघांपैकी एक दगावला होता. ज्यांचे तेवढे घटले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात तीन-चार इतकेच होते. अलीकडे, २०२३ साली, मोठ्या आतड्याच्या आणि जठराच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या ७५ देशांतील साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे एक तृतीयांश रुग्ण तीव्र कुपोषित होते. गरीब आणि निम्न मध्यम उत्पन्नाच्या देशांत, ज्यांत आपला देशही मोडतो, हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. आणि अशा रुग्णांना ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीस दिवसांत मृत्यूचा धोका जास्त होता.

असे का होते? शरीराला बाहेरून प्रथिने मिळाली नाहीत की ते स्वतःचे स्नायू मोडून वापरते. ऑपरेशननंतर ही मोडतोड आणखी वाढते. जखम भरायला वेळ लागतो, तिच्यात पू होतो. छातीचे स्नायू अशक्त झाले की माणूस नीट खोकू शकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पाय लटपटतात म्हणून तो उठत नाही, आणि उठत नाही म्हणून स्नायू आणखी झडतात. पुढे केमोथेरपी लागणार असेल तर ती साधारण दोन महिन्यांच्या आत सुरू व्हावी असे पाहतात. अशक्त रुग्णाची ती लांबते किंवा अर्ध्यावर सोडावी लागते. म्हणजे सर्जनने गाठ उत्तम काढली तरी पुढचा अर्धा इलाज ताटातल्या उणिवेमुळे अडतो.

युरोपातील वैद्यकीय आहारतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त घटले असेल, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल, तर मोठ्या ऑपरेशनपूर्वी सात ते चौदा दिवस पोषण द्यावे आणि त्यासाठी कॅन्सरचे ऑपरेशनही थोडे पुढे ढकलावे लागले तरी चालेल, असे त्यांत म्हटले आहे. रक्तातील अल्ब्युमिनही पाहतात. पण अल्ब्युमिन केवळ खाण्यामुळे कमी होत नाही, शरीरातील दाहानेही उतरते. म्हणून एका रिपोर्टवर सारे ठरत नाही. वजन, भूक आणि अंगातली ताकद यांना त्याच्याइतकेच महत्त्व आहे.

आता आमच्या स्वयंपाकघराकडे येतो. किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने, असे बाईंनी लिहून दिले होते. ५३ किलोला दीडच्या हिशेबाने ८० ग्रॅमच्या आसपास. हा आकडा पाहून आधी डब्यातल्या महागड्या पावडरी डोळ्यांपुढे आल्या. पण बाईंनी घरातल्याच वस्तूंचा हिशेब मांडला. एका अंड्यात सहा ग्रॅम. पाव लिटर दुधात आठ. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीसच्या आसपास. दिवसाला तीन अंडी, पाऊण लिटर दूध, चिकन किंवा बारीक खिमा, एक वाटी वरण आणि थोडे दही, एवढ्यात बेरीज ऐंशीच्या जवळ जाते. पावडर लागलीच तर ती या सगळ्याच्या जोडीला, याच्याऐवजी नव्हे. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह आहे त्यांचे गणित वेगळे असते, ते डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

साखरेचेही विचारून घेतले. आमचा तालुका उसाचा. साखरेने कॅन्सर वाढतो हे येथे पारावर बसणारा प्रत्येक जण सांगतो. बाई म्हणाल्या, साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरते याला पुरावा नाही. मधुमेह नसेल आणि माणूस गोड शिऱ्याचे चार घास आवडीने खात असेल, तर खाऊ द्या. वजन घटत चाललेल्या माणसाचा एकही घास हिरावून घेऊ नका.

ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला. अंड्या-दुधाचा खर्च घरचाच. पण फलटण तालुक्यात दुधाला तोटा नाही. गोठ्यावरून धारोष्ण दूध यायचे, ते आम्ही चांगले उकळून घेत असू, कारण या काळात कच्चे काहीही द्यायचे नव्हते. येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणाऱ्या मेंढ्यांची 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली, हे पुष्कळांना माहीत असेल. आमच्या ओळखीचे एक धनगर काका अब्बांना भेटायला आले होते. फुफूंचे गाऱ्हाणे ऐकून ते म्हणाले, "आक्का, जुळी पाजणाऱ्या मेंढीला आम्ही दुप्पट खुराक घालतो. जिच्यावर भार जास्त, तिला चारा जास्त. माणसाला उलटं कसं?"

फुफू त्यावर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी स्वतः यखनी चढवली. आमच्याकडून पुढे एक गोष्ट त्यांनीच सर्वांना सांगायला सुरुवात केली : नुसत्या यखनीच्या पाण्यात ताकद फार नसते, तिच्यातले गोश्तही बारीक करून पोटात जायला हवे. जवाच्या तलबीन्याचा उल्लेख हदीसमध्ये आजाऱ्याच्या मनाला उभारी देणारा म्हणून आहे. फुफू तो पाण्याऐवजी दुधात शिजवीत आणि वर चमचाभर साजूक तूप सोडीत.

आम्ही एक वही केली. शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखले : सकाळ, दहा वाजता, दुपार, चार वाजता, रात्र, झोपताना. किती दिले ते लिहायचे नाही. पोटात किती गेले ते लिहायचे. ताटात अर्धे उरले तर अर्धेच लिहायचे. सोमवारी सकाळी वजन. दोन आठवड्यांत वजन दीड किलो वाढले. आकडा लहान होता, पण अब्बा जिना धरल्याशिवाय चढू लागले होते. सर्जननी त्यांना गल्लीत रोज चालायलाही सांगितले होते. खाल्लेले अंगी लागायला हालचालही हवी, नुसते निजून स्नायू भरत नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी आणखी एक गोष्ट आमच्या समजुतीपेक्षा वेगळी निघाली. आदल्या संध्याकाळपासून थेंबही द्यायचा नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. तेथे मात्र ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साखरेचे स्वच्छ पाणी द्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशीच घोट घोट द्रवपदार्थ, मग मऊ भात आणि दही. पूर्वी पोटातला वायू सरेपर्यंत चार-पाच दिवस तोंड बंद ठेवीत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात मोठ्या आतड्याच्या रुग्णांना लवकर खायला आणि लवकर चालायला लावून दाखवले, तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. अर्थात प्रत्येक रुग्णाला ती तशीच लागू होते असे नाही. ज्यांना उलट्या होतात, पोट फुगते, त्यांना थांबावे लागते. म्हणून नातेवाइकांनी आपल्या मनाने घाई करू नये आणि आपल्या मनाने तोंड बांधूही नये. रोज सकाळी डॉक्टरांना एवढेच विचारावे, "आज काय खायला द्यायचे?"

अब्बांच्या पोटावर काही महिन्यांसाठी पिशवी लावली होती. खालचा जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचे तोंड पोटावर काढतात आणि मळ पिशवीत जमा होतो. येथे खरी परीक्षा सुरू झाली. घरी आल्यावर आठवड्याभरात वहीतले आकडे उतरू लागले. सकाळचे अंडे उरले, दुपारचे वरण उरले. भूक नाही म्हणत. पण रात्री इशानंतर मात्र ते नीट जेवत. चार दिवस वही पाहिल्यावर आमच्या ते लक्षात आले. अब्बा दिवसा खात नव्हते, कारण खाल्ले की पिशवी भरते. पिशवी भरली की वुजू राहिला का, कपडे पाक आहेत का, सफमध्ये शेजारच्याला वास तर येणार नाही ना, ही धास्ती. चाळीस वर्षे दुकानातून उठून जमातीला जाणारा माणूस नमाज सुटू नये म्हणून उपाशी राहत होता.

याचे उत्तर ना आहारतज्ज्ञांकडे होते ना आमच्याकडे. आम्ही इमामसाहेबांना घरी बोलावले आणि मोकळेपणाने सर्व सांगितले. त्यांनी अब्बांचा हात हातात घेतला. असा माणूस शरियतमध्ये मअजूर ठरतो; प्रत्येक नमाजच्या वेळेला वुजू करावा आणि त्या वेळेत नमाज अदा करावी, पिशवीत काही आले म्हणून ती बिघडत नाही, असे सांगितले. मग म्हणाले, "मास्टरजी, शरीर अमानत आहे. जेवून या. आम्ही वाट पाहू." अब्बांना मोहल्ल्यात सगळे मास्टरच म्हणतात. त्या शुक्रवारी ते नाश्ता करून, पिशवी रिकामी करून मशिदीत गेले. तेथून परतल्यावर दुपारचे ताट पुसून खाल्ले. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी आपल्या आलिमांना हा मसला जरूर विचारावा. लाजेने कित्येक जण मनातच ठेवतात आणि शरीर झिजवतात.

पिशवी लहान आतड्याची असेल तर पाणी आणि मीठ भराभर बाहेर जाते. नुसते पाणी आणि चहा ढोसून ते भरून येत नाही. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ओआरएस, जेवणात पुरेसे मीठ, आणि मळ घट्ट करणारे भात, केळे, दही, साबुदाणा. पहिले काही आठवडे मक्याचे कणीस, ओले खोबरे, कच्च्या भाज्या, साली-बिया टाळायच्या, कारण त्या तोंडाशी अडकतात. हे टाळणेही पथ्यच, पण त्याला कारण आहे आणि मुदत आहे. पुढे एकेक पदार्थ थोडा थोडा करून परत आणायचा. लघवी कमी झाली, जीभ कोरडी पडली, चक्कर आली किंवा पिशवी वारंवार पातळ पाण्याने भरू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

केमोथेरपी सातव्या आठवड्यात सुरू झाली आणि तिच्या मध्येच रमजान आला. अब्बांनी रोजे धरायची तयारी दाखवली. पिशवी आणि केमो असताना दिवसभर पाण्याविना राहणे म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आजाऱ्याला सवलत तर कुरआननेच दिली आहे. बरे झाल्यावर कजा, आणि ती शक्तीच उरली नाही तर फिदिया. तरी सहरीला सगळे उठले की अब्बांचे डोळे भरून येत. मग त्यांनी स्वतःच एक मार्ग काढला. सर्वांबरोबर सहरीला बसायचे आणि आपले अंडे-दूध घ्यायचे. दिवसा मुलांच्या समोर न जेवता आतल्या खोलीत, पण वेळच्या वेळी जेवायचे. संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर पहिली खजूर वाटायचे काम त्यांचे. त्या महिन्यात त्यांचे वजन उतरले नाही.

त्यांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक शेतकरी होते. घरच्यांनी त्यांना दोन महिने पेज आणि नारळपाण्यावर ठेवले होते. त्यांचा जोड उसवला आणि दुसरे ऑपरेशन करावे लागले. जोड चांगल्या खात्यापित्या माणसाचाही उसवू शकतो, म्हणून त्याला एकच कारण होते असे आम्ही म्हणणार नाही. आणि अब्बांचे सारे सुरळीत झाले ते केवळ अंड्यांमुळे, असेही नाही. कॅन्सर कोणत्या टप्प्यावर सापडला, ऑपरेशन कसे झाले, यांचा वाटा मोठा. जगणे-मरणे अल्लाहच्या हाती. पण जे थोडे आपल्या हाती ठेवले आहे, त्यात स्वयंपाकघर येते.

आज ऑपरेशनला दोन वर्षे झाली. पिशवी काढली आहे. वजन ५७ वर आहे; ६२ पुन्हा कधी झाले नाही. अब्बा दिवसातून दोन तास मशीनवर बसतात, अलहम्दुलिल्लाह.

शेवटी एक विनंती. आजाऱ्याची इयादत करणे हा आपल्यात हक्क मानला जातो. जाताना आपण सफरचंदे नेतो आणि सोबत काय खाऊ नये याची यादी नेतो. यापुढे डझनभर अंडी न्यावीत. यादी घरीच ठेवावी. आणि रुग्णाच्या उशाशी बसून गाठ केवढी होती, हे विचारण्याऐवजी सकाळपासून काय काय खाल्लेत, हे विचारावे.